मेजरची बादली

आमच्या पपानं एकदा बिबट्याला ‘सावधान’मध्ये उभं केलं होतं. यात मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. घालायला जागाच नाही. गावानं जेवढं घालायचं तेवढं आधीच घालून ठेवलंय. मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गावठाण. डोंगरावरून बिबटे उतरायचे, एखादं कुत्रं उचलायचे आणि आल्या वाटेनं परत जायचे. एकदा पपा पहाटे पहिल्या पाळीला निघाला, तर बिबट्या बसलेला कुठे? क्रूसाच्या ओट्यावर. पपाला राग आला तो बिबट्याचा नाही, त्याच्या बसण्याचा. क्रूसासमोर कसं राहायचं याची एक पद्धत असते. पपानं टाचेला टाच मारली आणि छाती फुगवून ओरडला, “सा-व-धान!”

बिबट्या उठला. पाय जुळवले, शेपटी सरळ केली. पण ‘विश्राम’ म्हणायच्या आतच डोंगराकडे चालता झाला, म्हणून पपा आयुष्यभर त्याच्यावर नाराज. “शिस्त नाय,” तो म्हणायचा. “जंगलात वाढलेत ना.”

सैन्यातून तो हवालदार म्हणून पेन्शनीत निघाला होता. गावानं त्याला परस्पर बढती देऊन मेजर केला. पपा सुरुवातीला प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचा, “मेजर नाय, हवालदार.” मग गावानं सरळ कर्नल म्हणायला सुरुवात केली, तेव्हा घाबरून तो मेजरवर कबूल झाला.

घरात आम्ही तिघी. मम्मी, माझी मोठी बहीण फिलो आणि मी. म्हणजे पपाच्या हाताखाली एकूण तीन शिपाई आणि तिन्ही बंडखोर. सकाळी शिट्टी वाजवून उठवायचा. चादरीची घडी अशी की तिच्या कडेनं कांदा कापता यावा. घरातून बाहेर पडताना डावा पाय आधी, देवळात शिरताना डावा पाय आधी. (चर्चला आमच्यातली जुनी माणसं देऊळच म्हणतात, आणि पपा तर जन्मतःच जुना होता.) फिलो एकदा उजव्या पायानं देवळात शिरली, तर तिला दारातून परत बोलावलं. आत फादर मिस, म्हणजे रविवारची उपासना, सांगत होते, ते थांबले. सगळं देऊळ मागे वळून बघायला लागलं. “चालू ठेवा, फादर,” पपा दारातून म्हणाला. “एक शिपाई चुकलाय.”

संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, हा मात्र खरा मोर्चा. मावलीच्या, म्हणजे मारियेच्या, मूर्तीसमोर गुडघे टेकून, पाठ ताठ. मधे कुणी डुलकी काढली, जांभई दिली किंवा मम्मीनं एका डोळ्यानं चुलीवरच्या सुक्या मासळीकडे बघितलं, की पपाचा आवाज यायचा:

“परत पहिल्यापासून!”

हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य. बुटाला पॉलिश नीट नाही, परत पहिल्यापासून. मे महिन्यात गावातल्या बायका अंगणात बाटली मसाला कुटायच्या. त्यांच्या मुसळांचा ठेका चुकला की तो ओट्यावरून ओरडायचा, परत पहिल्यापासून. एका पावसाळ्यात मम्मीला पडसं झालं होतं. तिच्या शिंकांमुळे आमची एक रोझरी इतक्या वेळा पहिल्यापासून झाली की चुलीवरचा भात शिजला, करपला आणि माझ्या अंदाजानं परत तांदूळ व्हायला लागला. शेजारच्या सावंतांची बायको त्याच वेळी वाटीभर साखर मागायला आली. प्रार्थनेच्या वेळी घरात उभं राहायचं नाही, असा नियम. तिलाही गुडघे टेकावे लागले. बिचारी साखरेसाठी इतक्यांदा आली की नमो मारियाची प्रार्थना तिला आमच्यापेक्षा चांगली येते. गणपतीत आरती संपली की चुकून ‘आमेन’ म्हणते.

पपा कामाला होता तो पंख्यांच्या कारखान्यात. गावाला लागूनच भिंत. तिथल्या मोठ्या प्रेसवर तो पंख्याची पाती कापायचा, आणि प्रत्येक पातीला एक नमो मारिया म्हणायचा. प्रेस खाली येईपर्यंत ‘नमो मारिया कृपापूर्णे’, वर जाईपर्यंत ‘आमेन’. दिवसभरात किती व्हायच्या ते मावली जाणे. पण हिंदुस्थानात त्या काळी आमच्या कंपनीचा जो जो पंखा फिरत होता, त्याच्या तिन्ही पात्यांवर पपाची एकेक प्रार्थना होती. लोक म्हणायचे तुमच्या पंख्याला वारा कमी. असेल. पण त्याखाली झोपलेल्या माणसानं पापविचार करून दाखवावा.

आता पपा या कारखान्यात शिरला कसा, ते सांगते. कारण पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

लढाईत पपाचा ट्रक वाळवंटात रुतला. बरोबरच्यांचं पाणी संपलं, मग त्याचं संपलं, मग ट्रकच्या रेडिएटरचं संपलं. पपाच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर त्यांनी उंटाकडे आशेनं बघितलं, तर उंट त्यांच्याकडे आशेनं बघत होता. त्या उन्हात पडल्या पडल्या त्याला आठवली आमच्या गावची विहीर. काठावर उंबर, पाण्यावर त्याची सावली, आणि पाणी इतकं गार की पिताना दात मोजता यावेत. त्यानं मावलीला शब्द दिला: जिवंत घरी ने, माझ्या पहिल्या लेकीला लग्नाच्या दिवशी त्याच विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घालीन.

आमच्यात ती रीतच आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायचं. बायका लुगडी नेसून, बँड वाजवत, नाचत विहिरीवर जातात, तांब्याच्या कळशीत पाणी भरतात आणि त्या पाण्यानं नवरीची आंघोळ होते. पपानं मागितलं ते काही आकाशातलं नव्हतं. मावलीनं त्याच संध्याकाळी दुसरी तुकडी पाठवली आणि आपला वाटा पुरा केला.

पपा पेन्शनीवर घरी आला तर विहीर जागेवर नाही! म्हणजे विहीर होती, पण तिच्यापुढे भिंत होती. मधल्या काळात कारखान्यानं जमीन घेतली होती, आणि उंबरासकट विहीर आत गेली होती. गावानं रडून घेतलं आणि उंबराच्या पाण्यासाठी देवळामागच्या नळावर जायला लागलं. पपा रडला नाही. दुसऱ्या दिवशी कडक इस्त्री करून कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला. “नोकरी पायजे,” म्हणाला. मम्मीनं विचारलं, तर म्हणाला, “माझा शब्द भिंतीच्या आत आहे. मग मी पण आत.”

कंपनीनं त्याला प्रेस दिला, आणि सैन्यातला म्हणून आग विझवायच्या पथकाचं प्रमुखपदही दिलं. आता विहीर म्हणजे पथकाचंच पाणी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पपा कवायत घ्यायचा. आठ माणसं विहिरीपासून फाटकापर्यंत साखळी धरून उभी, आणि लाल बादल्या हातोहात फाटकाकडे. शेवटचा माणूस त्या फाटकाजवळच्या कर्दळीवर ओतायचा. आगीच्या बादल्यांचं बूड गोल असतं, कुणी आळशानं जमिनीवर टेकवू नये म्हणून. पपाला ही बादली इतकी आवडायची की माणसांनाही असंच बूड हवं होतं असं तो म्हणायचा. कवायतीचे नियम त्याचेच. बादली खाली ठेवायची नाही. बादली मागे जाणार नाही. आणि साखळी तुटणार नाही. माणूस पडला तर जवळचा त्याची जागा घेईल, मग तो जनरल का असेना. एक थेंब सांडला की, तुम्ही ओळखलंच असेल, परत पहिल्यापासून. त्या कर्दळी इतकं पाणी पिऊन पिऊन नारळाएवढ्या उंच झाल्या होत्या.

मग एक दिवस बाहेरची चार पोरं भिंत चढून विहिरीत पोहायला आली. एक बुडायला लागला. पपानं गणवेशासकट उडी मारली, त्याला केसाला धरून वर काढला, पोटातलं पाणी काढलं, मग कानाखाली काढली. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांकडे जाऊन त्यानं नियमच करून घेतला आणि स्वतःच्या हातानं भिंतीवर लाल रंगानं लिहिला: बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही. विहिरीचं पाणी कंपनीबाहेर जाणार नाही. कोणीही असो.

‘कोणीही असो’च्या खाली त्यानं दोन रेघा मारल्या होत्या.

मम्मीनं ते लाल अक्षर बघितलं आणि कपाळाला हात लावला. “अहो मेजरसाहेब, फिलोच्या लग्नाचं काय?”

“फिलो केवढीशी आहे,” पपा म्हणाला.

पोरी केवढ्याशा राहत नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, गावात पहिला रंगीत टीव्ही आला त्याच सुमाराला, फिलोचं लग्न ठरलं. मुलगा बोरीवलीचा, म्हणजे आमच्या डोंगराच्या बरोबर पलीकडचा. बिबट्याला अर्ध्या तासाचं अंतर. माणसांना अख्ख्या मुंबईला वळसा. तारीख मम्मीनं ठरवली. व्याही दुसरा रविवार म्हणत होते. मम्मी अडून बसली की महिन्याच्या पहिल्या शनिवारला लागून येतो तोच रविवार पाहिजे. आम्हाला वाटलं, काही नवस असेल.

नवस होताच, पण पपाचा, आणि तो त्याच्या घशात अडकला होता. घरी सगळे आपापला सल्ला देत होते. पथकातले सावंतकाका, ज्यांची बायको आमेन म्हणते ते, मूळ मालवणकडचे आणि मूळ दशावतारातले. गावी अजून संकासुर करायचे. ते ओट्यावर येऊन बसले.

“मेजरानू, मॅनेजराक एक शब्द टाका. तो काय नाय म्हणूचो नाय.”

“नाय म्हणणार नाय, म्हणूनच विचारत नाय,” पपा म्हणाला. “तो मला हो म्हणेल. मग उद्या दुसऱ्याला हो म्हणेल. परवा परत एखादं पोर विहिरीत. ऑर्डर कुणी दिली, सावंत?”

“तुमीच.”

“मग सगळ्यात आधी कुणी पाळायची?”

“ह्या काय बरां नाय, मेजरानू. ऑर्डर तुमची, मावली तुमची, चेडू तुमचा. मधे कंपनी खंय इली?”

मम्मी आतून म्हणाली, “नळाचं पाणी आणू. फादर आशीर्वाद देतील त्याला.”

“आणि मावलीला काय सांगू? वाळवंटात तुझ्याकडे विहीर मागितली होती, आता नळाला पाणी आलंय?”

पपा सुकायला लागला. देवळातल्या गायनात त्याचा खर्ज असा होता की खिडक्यांच्या काचा त्याला घाबरून असत. त्या महिन्यात काचा निवांत झाल्या. रोझरीत मी एकदा चक्क घोरले, तरी परत पहिल्यापासून आलं नाही. मम्मी आणि फिलोनं घाबरून एकमेकींकडे बघितलं. तो मावलीसमोर जाऊन बसायचा, पण वर बघायचा नाही. गृहपाठ न केलेलं पोर बाईंसमोर बसतं, तसा.

लग्नाच्या आदल्या दिवशी शनिवार. पपा सकाळी म्हणाला, “तुम्ही नळावर जाऊन पाणी आणा. मला कवायत आहे.” आणि डावा पाय आधी टाकून निघून गेला.

दुपारी मम्मीनं गावातल्या सगळ्या बायकांना लुगडी नेसवली. बँडवाले आले. मिरवणूक निघाली, आणि नळाकडे न वळता सरळ कारखान्याच्या फाटकाकडे. मी म्हटलं, “मम्मी, रस्ता चुकलो.” मम्मी म्हणाली, “तू नाच.”

आत कवायत सुरू होती. फाटकाच्या गजांतून सगळं दिसत होतं: उंबराखाली विहीर, तिथपासून फाटकापर्यंत आठ माणसं, आणि बाजूला छाती काढून शिट्टी तोंडात धरलेला पपा. साखळीच्या शेवटी, अगदी फाटकाला लागून, सावंतकाका. बँडचा आवाज ऐकून पपा वळला. अख्खं गाव, पुढे मम्मी, आणि मम्मीच्या पुढे फिलो तांब्याची कळशी कमरेवर घेऊन. पपाच्या तोंडातून शिट्टी पडली, पण कवायत चालू असताना बोलायचं नाही हा नियमही त्याचाच. बादल्या येत राहिल्या.

आणि शेवटची बादली विहिरीवरून निघाली, तेव्हा सावंतकाका पडले.

काय पडले! मी पुढे पुष्कळ नाटकं पाहिली, पण असं मरण नाही. आधी पोट धरलं. मग गुडघ्यावर आले. मग “आवशीऽऽ” अशी आरोळी ठोकली, एक गिरकी घेतली, आणि जागा बघून, कर्दळीच्या सावलीत, चेहरा प्रेक्षकांकडे करून आडवे झाले. बँडवाल्यानं नकळत ढोलावर एक काठी मारली.

साखळीत भोक पडलं. जवळचा माणूस कोण? पपा. नियम त्याचाच. तो विचार करायच्या आत त्याचे पाय तिथे पोचले होते, आणि विचार येऊन पोचला तोवर बादली हातात होती.

आता बघा. बादली खाली ठेवता येत नाही, बूड गोल. मागे देता येत नाही, नियम. उजव्या हाताला कर्दळ. डाव्या हाताला फाटकाचे गज, गजांपलीकडे कळशी, आणि कळशीमागे फिलो. समोर भिंतीवर त्याचंच लाल अक्षर, दोन रेघांसकट. पाणी काठोकाठ, पण थेंब सांडत नाही. ढोल थांबला.

पपानं कर्दळीकडे बघितलं. बादली तिकडे वळवली.

तेव्हा फिलो बोलली. अगदी हळू. “ओत पपा. झाडाला ओत. माझ्यासाठी तुझा नियम नको मोडू. मी नळावर आंघोळ करीन, आणि मावलीला मी सांगीन.”

पपा तसाच थांबला. मग मी त्याचा चेहरा बघितला, आणि मला वाटलं, वाळवंटात उंटाकडे बघताना तो असाच दिसला असेल. त्यानं टाचा जुळवल्या. डावीकडे वळला. बादली गजांना टेकवली आणि ओतायला लागला. गजांतून धार सरळ कळशीत. एक थेंब इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही. आणि ओतताना त्याचे ओठ हलत होते. नमो मारिया, अख्खी, आमेनसकट.

बँड असा काही वाजला की डोंगरावरच्या बिबट्यानंही पाय जुळवले असतील. सावंतकाका उठून नाचायला लागले.

पण पपाचं अजून संपलं नव्हतं. रिकामी बादली हातात घेऊन तो वॉचमनसमोर जाऊन उभा राहिला. “तिवारी, मुझे पकडो. कंपनी का पानी बाहर गया.”

तिवारीनं कपाळावरचा घाम पुसला. “मेजरसाब, आप को पकड के रखूँ कहाँ? चाबी तो आप ही के पास रहती है।”

मग पपा मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये. ते शनिवार म्हणून घरी निघाले होते. पुढचं तिवारीनं दाराबाहेरून ऐकलं, आणि तिवारीनं ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं.

“साहेब, मला शिक्षा करा.”

“हवालदार, एक बादली पाणी. ते तुम्ही एरवी कर्दळीलाच घालता.”

“कर्दळ कंपनीची आहे. मुलगी माझी आहे.”

“अहो, उद्या मी तुमच्या मुलीच्या लग्नाला सहकुटुंब येणार आहे. आहेराचं भांडं सुद्धा घेतलंय. आणि आज मी तुम्हाला कसली शिक्षा करू? कृपा करून घरी जा.”

कंपनीनं शिक्षा नाकारली म्हटल्यावर पपा थेट देवाकडे. संध्याकाळी तो कुमसारला गेला, म्हणजे पापांची कबुली द्यायला. कुमसार अत्यंत गुप्त असते. फादर मेले तरी सांगत नाहीत. पण पपाचा आवाज परेड मैदानावर घडलेला. त्याची कुमसार सगळ्या देवळाला ऐकू जायची, आणि त्या दिवशी तर आम्ही मुद्दाम पुढच्या बाकावर बसलो होतो.

सगळं ऐकून घेऊन फादर जाळीमागून काहीतरी पुटपुटले.

“तीन नमो मारिया?” पपा गरजला. “फादर, तीन नमो मारियात माझा एक पंखा होतो! एवढ्या मोठ्या पापाला एक पंखा?”

पुटपुट.

“नाय, फादर. वाढवा.”

मागे रांगेत उद्याच्या कम्युनियनच्या प्रसादासाठी अर्धं गाव ताटकळलेलं. शेवटी फादरांचाही आवाज चढला, तो मात्र आम्ही सगळ्यांनी ऐकला. “मग तुझी शिक्षा तूच ठरव, बाबा, पण लग्नाच्या आधी ती उरक आणि मला या लोकांना सोडवू दे!”

फादरांचा शब्द म्हणजे पपाला ऑर्डर.

रविवारी सकाळी फिलोची आंघोळ झाली. मम्मीनं ते पाणी तिच्या डोक्यावर घातलं, आणि फिलो किंचाळली, कारण पाणी खरंच तितकं गार होतं. पपा आमच्या मावलीसमोर उभा होता. या वेळी वर बघून. मग तो ट्रंकेकडे गेला, जुना गणवेश काढला, पदकं लावली, घरातली मोठी लोखंडी बादली नळाखाली काठोकाठ भरली आणि बाहेर पडला.

सैन्यात शिपाई चुकला की त्याला ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. आमच्या गावात मैदान नाही. पपानं क्रूस धरला. पाण्यानं भरलेली बादली दोन्ही हातांनी छातीसमोर, गुडघे कमरेपर्यंत उचलत, क्रूसाभोवती दुडक्या चालीनं. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. पाणी हिंदकळून सांडलं की स्वतःच स्वतःला ओरडायचा, “परत पहिल्यापासून!” आणि पहिली फेरी परत सुरू. अशानं ती शिक्षा आजतागायत चालू असती.

नेमकं त्याच वेळी बोरीवलीचं वऱ्हाड टेम्पोतून उतरलं.

नवऱ्याचा बाप देहानं मोठा, मनानं त्याहून मोठा. मानापानाला भारी जपणारा. तो टेम्पोतून उतरला आणि बघतच राहिला. सुटातला नवरा, करवल्या, त्यांच्या मावश्या, सगळे बघत राहिले. “विहीणबाई,” व्याही म्हणाले, “हे काय चाललंय?”

माझी मम्मी. तिला एका क्षणात दोन गोष्टींतून निवड करायची होती. एक, लग्नाच्या सकाळी व्याह्यांना सांगणं की माझा नवरा पाणी चोरल्याची शिक्षा भोगतोय. दुसरी, ती बोलली ती.

“आमच्या गावची रीत आहे,” ती म्हणाली. पापणीही लवली नाही. “मुलीचा बाप क्रूसाला पाणी घेऊन फेऱ्या मारतो.”

“असं होय!” व्याही म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. “पण आम्हाला आधी सांगायचं ना. आमच्याकडून काय असतं? मुलाचा बाप काय करतो?”

मम्मीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच ते कोटाची बटणं काढत होते. बोरीवली कुणाच्या मागे राहणार? “बादली आणा रे! आपल्याकडून कमी पडायचं नाय!”

सावंतकाकांनी बादली आणली. त्यांना तर हेच पाहिजे होतं. बँडवाल्यांना वाटलं, हाच कार्यक्रम. त्यांनी मार्च धरला. आणि आमचा क्रूस मधे, त्याच्याभोवती पुढे माझा पपा, मागे धापा टाकणारे व्याही, दोघांच्या छातीशी भरलेल्या बादल्या. दोन फेऱ्यांनी व्याह्यांच्या पोटाचा धक्का बादलीला बसला आणि पाणी फसकन त्यांच्या चकचकीत बुटांवर सांडलं.

पपा थांबला. वळला. पाहुणा आहे, व्याही आहे, आजच सोयरीक जुळतेय, याचा त्याच्या तोंडावर मागमूस नव्हता.

“परत पहिल्यापासून!”

“येस सर!” व्याही म्हणाले, आणि मुकाट्यानं मागे गेले.

एवढ्या गोंधळात त्या दिवशी लग्नही लागलं. फादर उशीर झाला म्हणून चिडले होते, मॅनेजरसाहेबांची बायको करवल्यांबरोबर नाचली, आणि देवळातल्या गायनात पपाचा खर्ज असा परत आला की एका खिडकीनं जीव सोडला. व्याह्यांचं आणि पपाचं त्यानंतर जे जमलं ते शेवटपर्यंत. बोरीवलीत ते सगळ्यांना सांगायचे, “आमचे व्याही रीतीभातीचे फार कडक.”

पुढच्या महिन्यात गावात दुसरं लग्न निघालं, तर मुलीचा बाप पपाकडे आला. “मेजर, त्या फेऱ्या किती मारायच्या असतात?” पपानं त्याला खरं सांगायला तोंड उघडलं. मम्मीनं आतून भांडं आपटलं. पपानं तोंड मिटलं, जरा विचार केला, आणि म्हणाला, “न सांडता जेवढ्या होतील तेवढ्या.” हे खोटं नव्हतं. तरीपण शनिवारी कुमसारला गेला.

पपा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्याची शवपेटी देवळात नेताना सावंतकाका, काठी टेकत, खांदा देणाऱ्यांना कुजबुजत होते, “डावो पाय आधी, डावो पाय.” कारखाना गेला, तिथे उंच इमारत आली. विहीर आहे, त्यात निळा दिवा आणि सोनेरी मासे सोडलेत. भिंत पडली तेव्हा ते लाल अक्षरही गेलं.

बादली तेवढी राहिली. आमच्या गावात मुलीचं लग्न असलं की तिचा बाप क्रूसाभोवती भरलेली बादली घेऊन फिरतो, आणि त्याशिवाय नवरी घराबाहेर पडत नाही. मागे कॉलेजची एक पोरगी रेकॉर्डर घेऊन आली होती, रीतीरिवाज गोळा करत. आमच्या नव्वदीच्या एका मावशीनं तिला सांगितलं की ही प्रथा पोर्तुगीज यायच्याही आधीची. मावशी स्वतः त्या सकाळी क्रूसाच्या ओट्याशी उभी राहून हसत होती. पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मावशीला जास्त माहिती.”

गेल्या नाताळानंतर गल्लीतल्याच एका मुलीचं लग्न होतं. तिचा बाप दुबईला मोठ्या हुद्द्यावर, सूट परदेशी, बादली प्लास्टिकची. आणि फोटोवाल्याला जागा द्यायची म्हणून तो चालत होता सावकाश, एका हातात बादली लोंबकळत, दर पावलाला पाणी सांडत. पोरं टाळ्या वाजवत होती. फिलो माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

मी उठले. माझे गुडघे गेलेत, पण टाच अजून वाजते. आणि आवाज, देवाच्या दयेनं, मला बापाचा मिळालाय.

“परत पहिल्यापासून!”

बँड थांबला. फोटोवाला थांबला. दुबईवाला जागच्या जागी ताठ झाला, बादली दोन्ही हातांनी छातीशी घेतली, नळावर जाऊन ती काठोकाठ भरली, क्रूसासमोर येऊन उभा राहिला, आणि डावा पाय आधी टाकला.